परड्यातून गॅलरीत : आपल्या स्वयंपाकातल्या हिरव्या पानाचा प्रवास



भाजीवाल्याकडून आणलेली कोथिंबिरीची जुडी निवडायला घेण्याआधी एकदा नीट बघा. ती मुळासकट असते. मुळांना अजून माती चिकटलेली असते. आपण मुळं कापून टाकतो, आमटीवर घालायला चार काड्या घेतो, उरलेली फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतो आणि तीन दिवसांनी त्यातली निम्मी काळी पडलेली पानं कचऱ्यात जातात. म्हणजे चार काड्यांसाठी पन्नास रोपं उपटली गेली.

आता बस्तीच्या भिंतीवर लहानपणापासून पाहिलेलं षट्लेश्येचं चित्र आठवा. सहा भुकेले वाटसरू फळांनी लगडलेल्या झाडापाशी येतात. एकाला झाड मुळापासून तोडावंसं वाटतं, दुसऱ्याला खोड, तिसऱ्याला मोठ्या फांद्या, चौथ्याला डहाळ्या. पाचवा म्हणतो, फळंच तेवढी तोडू. सहावा खाली पडलेली फळं वेचून पोट भरू म्हणतो. भूक सहाही जणांची सारखीच, फळही तेच, भाव तेवढा वेगळा. पाठशाळेत आपण कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म, शुक्ल ही नावं घडाघडा म्हणायचो. पण ते झाड आपल्या स्वयंपाकघरात कधी आणून ठेवलं का?

घरी चार कुंड्यांत कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता लावणं हा हल्लीचा छंद समजला जातो. तो छंद असेलही. पण मला त्यामागे एक जुनी, हरवलेली गोष्ट दिसते. आपल्या आज्ज्यांना ताटातलं प्रत्येक पान मुळापासून बियांपर्यंत ओळखीचं होतं. आपल्याला ते प्लॅस्टिकच्या पिशवीत भेटतं. आणि व्रत पाळायचं तर आधी ओळख लागते. ही ओळख कशी होती, कुठे सुटली आणि नवी मुंबईच्या गॅलरीत ती परत कशी येऊ शकते, ते आज लिहिते आहे.

नावांत दडलेला काळ

कोथिंबीर आपल्याकडे किती जुनी? पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'कुस्तुंबुरु' हा शब्द कसा बनतो यासाठी एक स्वतंत्र सूत्र आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या आसपास ही वनस्पती व्याकरणकाराने दखल घ्यावी इतकी घरोघरी पोचली होती. त्याच कुळातल्या 'कुस्तुंबरी'वरून आपली कोथिंबीर आली आणि 'धान्यक'वरून धने. एकाच रोपाच्या पानाला एक नाव आणि बीला दुसरं, यावरूनच कळतं की दोन्हींचे उपयोग किती वेगळे आणि किती रोजचे होते. रोप मूळचं मात्र भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या बाजूचं.

आल्याचं संस्कृत नाव शृंगवेर. हाच शब्द भाषा बदलत बदलत ग्रीक-लॅटिनमधून युरोपात गेला आणि इंग्रजीत 'जिंजर' झाला. पुदिना हा शब्द आपण फारसीतून घेतला. कढीपत्ता मात्र इथलाच, जंगलातही आपणहून उगवणारा. जुन्या बायका त्याला कढीलिंब म्हणतात, आणि आमच्या सीमाभागात कानडी 'करीबेवू'ही कानावर पडतं. हिरवी मिरची पोर्तुगीजांमुळे सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटपणा मिरी आणि आल्याचा होता.

लावणं आणि रांधणं हे विषय पूर्वी वेगळे मानले जात नव्हते. अकराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी चावुंडरायाने 'लोकोपकार' नावाचा कानडी ग्रंथ लिहिला. गृहस्थाला रोज लागणारं ज्ञान एका जागी असावं म्हणून त्यात वृक्षायुर्वेदही आहे आणि सूपशास्त्र म्हणजे पाकशास्त्रही. झाडाला काय घालावं आणि फोडणीत काय घालावं, एकाच पोथीत. पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तिसऱ्या मंगरसाने, जो जैन होता, फक्त पाककलेवर 'सूपशास्त्र' रचलं, तेही पूर्ण शाकाहारी. कृष्णा-पंचगंगेच्या काठची आपली माणसं याच कानडी-मराठी मुलखातली. हा वारसा आपला आहे.

श्रावकाने मातीत हात घालावा का?

हा प्रश्न तुमच्यापैकी कित्येकींच्या मनात आला असेल, कारण तो आपल्या परंपरेत जुनाच आहे. माती उकरली की पृथ्वीकायिक जीवांची विराधना, पाणी घातलं की जलकायिकांची, आणि मातीतले त्रस जीव वेगळेच. श्रावकाने टाळायच्या १५ कर्मादानांत जमीन फोडण्याचा धंदा येतो तो याचसाठी. व्यापारी जैन कुटुंबं शेतीपासून दूर राहिली, त्यामागे हेही एक कारण होतं.

पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराण लिहिलं. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष त्यांना गुरू मानत असे. त्या ग्रंथात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला शिकवलेली सहा कर्मं येतात. असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. कल्पवृक्ष आटले तेव्हा माणसाला जगायला शिकवणाऱ्या पहिल्या तीर्थंकरांनी शेती वगळली नाही. दक्षिण महाराष्ट्रातला जैन समाज आजही मुख्यतः शेतकरी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ मध्ये कुंभोजला अशाच जैन घरात जन्मले आणि पुढे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेतली मुलं शेतात राबून शिकली.

श्वेतांबर परंपरेच्या उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची गोष्ट आहे. तो मोठा शेतमालक. भगवान महावीरांपुढे व्रतं घेताना त्याने शेती सोडली नाही, तिची मर्यादा बांधली, ५०० नांगरांची जमीन, त्याहून अधिक नाही. गंमत म्हणजे त्याने रोजच्या जेवणातल्या पालेभाज्यांचीही मोजकी नावं घेऊन बाकीच्या सोडल्या. त्या नावांत एक आहे वास्तुक, म्हणजे आपला चाकवत! कुठल्या पानावर थांबायचं हे ठरवण्याइतका तो श्रीमंत माणूस पाल्याला ओळखत होता. नाव माहीत नसतं तर मर्यादा कशाची घातली असती?

आणि कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केल्याला मान्यता दिलेलं. विकतच्या जुडीसाठीही कोणीतरी माती उकरली, पाणी सोडलं, औषध फवारलं, मुळासकट उपटलं. ते माझ्या डोळ्यांआड झालं एवढंच. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, संकल्पी हिंसा मात्र टाळायचीच. मग प्रश्न उरतो प्रमाणाचा आणि जतनेचा. माझ्या कुंडीत किती माती, किती पाणी, किती पानं खुडायची आणि कोणतं औषध मारायचं नाही, हे माझ्या हातात असतं. जुडीच्या बाबतीत यातलं काहीच माझ्या हातात नसतं.

पान ओळखण्याची विद्या

आपल्या आचार्यांनी वनस्पतींकडे किती बारकाईने पाहिलं होतं, ते गोम्मटसारात दिसतं. दहाव्या शतकाच्या अखेरीस आचार्य नेमिचंद्रांनी तो रचला. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभारणारा सेनापती चामुंडराय (लोकोपकाराचा चावुंडराय निराळा) त्यांना गुरुस्थानी मानायचा. त्यात साधारण वनस्पती म्हणजे जिच्या एका शरीरात अनंत जीव राहतात ती, आणि प्रत्येक वनस्पती म्हणजे एका शरीरात एक जीव असलेली, यांतला फरक ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. शिरा, सांधे, पेरं उघड दिसतात की लपलेली आहेत? मोडल्यावर सरळ सारखे दोन तुकडे होतात की धागे निघतात? तोडल्यावर पुन्हा फुटते का?

या खुणा पुस्तकात वाचून पडताळता येत नाहीत. त्यासाठी रोप समोर लागतं, ते मोडून नव्हे तर वाढताना पाहावं लागतं. कोवळी पालवी आणि जून पान यांत शास्त्र फरक करतं, कोवळ्या अंकुराला अनंतकाय मानतं. हल्ली मॉलमध्ये 'मायक्रोग्रीन' म्हणून डबीतून विकतात ते कोवळे कोंबच असतात. डबीवर ही खूण कोणी लिहीत नाही. ज्या बाईने कुंडीत धन्यांना फुटलेले दोन कोंब आणि नंतर आलेली कातरलेली पानं पाहिली आहेत, तिला कोणी सांगावं लागत नाही.

आल्याचंही तसंच. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात, ज्यात लाभ थोडा आणि घात फार अशा वस्तूंत ओलं आलं नाव घेऊन सांगितलं आहे. म्हणून आपल्याकडे ओलं आलं, ओली हळद नाही, पण सुंठ आणि सुकी हळद चालते. 'अल्पफळ, बहुविघात' हा तराजू मला फार उपयोगी वाटतो. कंद काढला की रोप संपतं. जून पान खुडलं की रोप राहतं. म्हणूनच जैन स्वयंपाकाचा स्वाद कंदापेक्षा पानावर, बीवर आणि हिंगावर उभा राहिला. कांदा-लसणाशिवाय आपली आमटी बेचव लागत नाही, त्याचं श्रेय कढीलिंब, कोथिंबीर, धने, जिरे आणि चिमूटभर हिंगाला आहे.

परडं

सांगली-कोल्हापूरकडे घरामागच्या मोकळ्या जागेला परडं म्हणतात, कोकणात परस. परड्यात बाग करायची म्हणून कोणी केली नाही. मोरीचं पाणी जिथे वाहायचं तिथे केळ आणि कर्दळ, भिंतीला कढीलिंब, कडेला गवती चहा, उन्हाच्या तुकड्यात मेथी-कोथिंबिरीचा वाफा, आणि दगडी डोणीच्या आडोशाला ओव्याच्या पानांचं झुडूप. या जाड, लवदार पानाला आपण ओवा म्हणतो, त्याची भजीही करतो. पण मसाल्याच्या डब्यातल्या ओव्याचं रोप वेगळं, त्याचं पान बारीक, शेपूसारखं. वास सारखा म्हणून नाव एक पडलं.

परडं बायकांचं राज्य होतं. कोणत्या सणाला काय पेरायचं, कोणतं बी कोणाकडून आणायचं, कोणत्या पानाचा काढा बाळाला द्यायचा, हे सगळं सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे जायचं. लिहून कोणी ठेवलं नाही.

गावात मुनिमहाराज आले की चौका लावताना या परड्याची खरी किंमत कळायची. चौक्यातली प्रत्येक वस्तू शोधलेली हवी. पान उजेडात धरून, उलटसुलट करून, अळी-अंडं नाही ना हे पाहून, गाळलेल्या पाण्याने धुवायचं. कोथिंबीर कच्ची वरून भुरभुरायची नाही, शिजवून प्रासुक करूनच घालायची. परड्यातलं पान सकाळीच खुडलेलं असायचं, कुठल्या पाण्यावर वाढलं ते माहीत असायचं. शोधायला सोपं. आज आपण चौक्यासाठी बाजारातून आणलेली भाजी तासन्‌तास निवडत बसतो, तरी मनात खात्री नसते.

चातुर्मासात तर परडंच आपल्याला थांबवायचं. पावसात पानापानावर जीव, म्हणून पालेभाज्या बंद. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद. पेरणारी आणि सोडणारी बाई एकच होती, त्यामुळे का सोडायचं हे तिला डोळ्यांनी दिसत होतं. आज बारा महिने सारख्याच चकचकीत जुड्या मिळतात, म्हणून आपल्या मुलींना चातुर्मासातला नियम फक्त नियम वाटतो.

मुंबईत पान बाजारात गेलं

मुंबईतही एकेकाळी परसबागा होत्या. गिरगावातल्या फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावं त्यांचीच आठवण. गिरण्या आल्या, वस्ती दाटली, वाड्यांच्या जागी चाळी उभ्या राहिल्या. १८६३ मध्ये बोर घाटातून आणि १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि देशावरचा माल थेट शहरात उतरू लागला. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उघडलं, आज ज्याला महात्मा फुले मंडई म्हणतात. एका दिवसात सुकणारं पान पूर्वी जवळच पिकावं लागायचं. आता नाशिक-पुण्याकडून येऊ लागलं, आणि लांबून टिकून यायचं तर मुळासकटच आलेलं बरं. मुळासकट जुडीची सोय ही अशी बाजाराची गरज आहे, स्वयंपाकघराची नव्हे.

चाळीत परडं गेलं, गॅलरी उरली. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला. साजूक तुपाच्या घरांनी त्याला नाकं मुरडली, पण त्याचा रिकामा पिवळा डबा मात्र कोणी टाकला नाही. तळाला खिळ्याने भोकं पाडली की झाली कुंडी. तुळस, ओवा, गवती चहा, एखादी मिरची. मुंबईची पहिली स्वयंपाकघरातली बाग ही अशी डालड्याच्या डब्यांत वाढली.

दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई आली. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली, १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं. १९६५ च्या टंचाईत पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी आपल्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर चालवला आणि लोकांना सोमवारी एक वेळ उपास करायला सांगितलं. उपासाची सवय असलेल्या आपल्या घरांना ते जड गेलं नसावं. त्या मोहिमेची एक आठवण मात्र पुढे वर्षानुवर्षं आपल्या लोकलच्या खिडकीतून दिसत राहिली. रेल्वेने याच नावाच्या योजनेखाली रुळांकडेच्या पट्ट्या आपल्या कर्मचाऱ्यांना भाजी लावायला दिल्या. पालक, माठ, मुळा हिरवागार दिसायचा, पण तो नाल्याच्या पाण्यावर वाढतो अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. गाळलेलं पाणी पिणाऱ्या आपण, आपल्या पानाने कोणतं पाणी प्यायलं हे विचारत नाही.

आपल्या शहराची माती

१९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी ठरली. भातशेती, मिठागरं आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी लोकांची ती जमीन. भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर इथे वाल व्हायचा. थंडीत वालाच्या शेंगा ओवा-मीठ घालून मडक्यात भरायच्या, वरखाली भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं जाळात. ही पोपटी. भांबुर्डा बांधावर आपोआप उगवतो, त्याला कुंडी लागत नाही. लागतो तो फक्त बांध.

या बांधांवर आपली सेक्टरं उभी आहेत. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मी कुंडीत माती भरते तेव्हा हे आठवतं. आपण ज्याला 'मोकळी जागा' म्हणून विकत घेतलं, ते कोणाचं तरी परडं होतं. अपरिग्रहाची भाषा बोलणाऱ्यांनी निदान एवढी जाणीव ठेवावी आणि गावठाणातून टोपली घेऊन येणाऱ्या मावशीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये.

कोरियांचा एक आग्रह होता. आपल्या हवेत डोक्यावर आकाश असलेली जागा ही खोलीइतकीच उपयोगाची असते, गरिबाच्या घरालाही ती हवी. १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी बेलापूरला जी वसाहत उभारली, जिला आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, तिथे त्यांनी हे करून दाखवलं. सुमारे ५५० कुटुंबं, सात-सात घरांचे गट मधल्या सामाईक अंगणाभोवती, आणि प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा. परडंच ते! पुढे कुटुंबं वाढली, बहुतेकांनी घरं वाढवली, कित्येक अंगणांवर छत आलं. त्यांना दोष देता येत नाही, आपण टॉवरमधल्या बायकांनीही गॅलऱ्या ग्रिल लावून खोलीत घेतल्याच आहेत.

आणि १९९० च्या दशकात मुंबईचा भाजी-फळांचा घाऊक बाजार वाशी-तुर्भेला आला. ज्या पट्ट्यात भात आणि वाल व्हायचा तिथे आता पहाटे नाशिक-पुण्याचे ट्रक कोथिंबिरीच्या राशी ओततात. आपण त्या राशीच्या शेजारी राहतो आणि तरीही पानाशी आपली ओळख सर्वांत कमी.

गच्चीवरचे दोन प्रयोग

ही ओळख शहरातही परत येते, हे दाखवणारी माणसं आपल्याजवळच झाली. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणित शिकवणारे. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक लिहिलं. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकतं, त्यासाठी ऊन, पाणी आणि कुजलेला पाला यांचा हिशेब कळला पाहिजे, असं ते सांगत. अर्थशास्त्रज्ञ डॉ. रमेश दोशींनी वांद्र्यात गच्चीवर रसवंतीतली उसाची चिपाडं पिंपांत आणि पिशव्यांत भरून भाज्या, फळं पिकवली. माती थोडी, वजन हलकं, उकराउकरी कमी.

त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहांचं काम पाहणाऱ्या प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये गोदीतल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. रोज हजारो कामगारांचं जेवण जिथे शिजायचं तिथला भाजीचा कचरा वरच जिरवायचा, हा मूळ हेतू. बघता बघता तिथे फळझाडं, भाज्या आणि स्वयंपाकातली पानं वाढली. आपल्या सोसायटीच्या गच्च्या त्या गोदीपेक्षा वाईट नक्कीच नाहीत.

आपली कुंडी आणि आपलं पंचांग

आता घरचं बोलू. मी नेरुळला राहते. चार तास ऊन येणारी दक्षिणेची गॅलरी आणि सहा कुंड्या, एवढंच माझं परडं.

कोथिंबिरीचा काळ इथे दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. धने हाताने चोळून दोन फाका करायचे, रात्रभर भिजवायचे, अर्धा इंच मातीखाली घालायचे. आठ-दहा दिवस काही दिसत नाही, धीर धरायचा. रोप वीतभर झालं की बाहेरची जून पानं कात्रीने घ्यायची, मधला कोंब आणि मूळ तसंच. उन्हाळा लागला की ती आपणहून फुलावर येते. येऊ द्या. बारीक पांढरी फुलं, मग हिरवे धने, मग रोप आपलं आयुष्य पुरं करून वाळतं. ते धने पुढच्या दिवाळीला पेरायचे.

कढीलिंबाला मोठी कुंडी आणि कमी पाणी. पहिली दोन वर्षं तो फार देत नाही. ओव्याची आणि पुदिन्याची काडी खोचली तरी लागते. इथे मात्र थांबा. तोडल्यावर पुन्हा उगवणं ही खूण गोम्मटसारात कशाची म्हणून दिली आहे ते वर लिहिलंच आहे. पुदिना खावा की नाही, कोणत्या अवस्थेत खावा, हे मी सांगणार नाही. आपापल्या आम्नायाप्रमाणे महाराजांना, माताजींना विचारा. हा प्रश्न तुम्हाला पडावा एवढंच मला हवं आहे, आणि तो कुंडी लावल्याशिवाय पडत नाही.

मावा पडला तर फवारणी नाही. लागलेली फांदी हळूच वाकवून सावलीत बाहेरच्या झाडाशी नेऊन ठेवायची, आणि त्या आठवड्यात ते पान खायचं नाही. पाणी झारीने, संध्याकाळ होण्याआधी, बशीत साचू द्यायचं नाही, म्हणजे डास होत नाहीत आणि मारावेही लागत नाहीत. ओला कचरा उकरत बसण्यापेक्षा वाळलेला पाला घालणं मला बरं वाटतं, त्यात जीव कमी सापडतात.

आषाढात चातुर्मास बसला की माझी कात्री कपाटात जाते. नवी मुंबईचा पाऊस तसाही कोथिंबीर टिकू देत नाही. चार महिने घरात धने-जिऱ्याची पूड, सुंठ, हिंग, मिरी यांवर स्वयंपाक होतो. त्या काळात कढीलिंबाच्या पानामागे चिकटलेली अंडी, त्यातून निघणारी अळी, आणि तिचं पुढे होणारं काळं-पिवळसर फुलपाखरू माझी लेक रोज बघते. चातुर्मासात पाला का खायचा नाही, हे तिला मी एकदाही समजावून सांगितलेलं नाही.

घरचं पान खुडलं म्हणजे शुक्ल लेश्या झाली, असा माझा दावा नाही. लेश्या भावाची असते, कात्रीची नाही. पण मुळापासून उपटणाऱ्या पहिल्या वाटसरूपासून चार पावलं पुढे सरकता येतं, आणि त्यासाठी दहा गुंठे लागत नाहीत. घरात वयस्कर आज्जी, आत्या, मावशी असतील तर त्यांना या सुट्टीत एवढंच विचारा की तुमच्या परड्यात काय काय होतं. नावं लिहून ठेवा. पोथ्यांत राहिलं नाही ते त्यांच्या तोंडी आहे, आणि ते फार दिवस राहणार नाही.

जय जिनेंद्र.